भंगारातला लेथ

भंगाराच्या व्यापाऱ्याच्या लेखी लोखंडाच्या जाती फार थोड्या असतात. पत्रा, सळई, पोलाद आणि बीड, एवढ्या चार-पाच ढिगांत सारी यंत्रसृष्टी सामावते. तांबे, पितळ आणि गनमेटल ही श्रीमंत मंडळी तेवढी वेगळी काढून आतल्या खोलीत ठेवावयाची. झाशीस सिपरी बाजाराच्या बाजूला अशीच एक वखार आहे. तेथे बिडाच्या ढिगाशेजारी, पावसापाण्यात उघडा पडलेला एक जुना लेथ मी प्रथम पाहिला, तेव्हा त्याची नावाची पाटी कोणीतरी आधीच उचकटून नेली होती. ती पितळेची होती, आणि पितळेला निराळा भाव आहे. बाकीच्या देहाचा भाव व्यापाऱ्याने किलोवर सांगितला. “चारसहा दिवसांत गाडी येईल, मग हा फुटेल,” असेही तो म्हणाला. यंत्र फुटेल म्हणजे घणाने त्याचे तुकडे होतील, आणि ते तुकडे कोठल्या तरी ओतशाळेच्या भट्टीत जातील.

मी शासकीय नोकर, शिक्षणाने साहित्याचा पदवीधर. वयाची चाळिशी उलटेपर्यंत कानस कशी धरावी हेही मला ठाऊक नव्हते. परंतु माझ्याबरोबर त्या दिवशी आप्पा होते. आप्पा म्हणजे आमच्या शेजारचे वृद्ध गृहस्थ. रेल्वेच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि टर्नर म्हणून निवृत्त झाले. ते खाली बसले, बेडवरचा चिखल त्यांनी रुमालाने पुसला आणि चकजवळच्या भागावरून नख फिरवले. मग मला हळूच म्हणाले, “अहो, याला वजनावर मोजू देऊ नका. हा अजून मेलेला नाही.”

असा लेथ झाशीसारख्या गावी यावा यात नवल काहीच नाही. राणी लक्ष्मीबाईंची झाशी आपणां मराठी माणसांस ठाऊक असते. परंतु त्या झाशीनंतर तीस-पस्तीस वर्षांत येथे दुसरे एक गाव उभे राहिले, ते रेल्वेचे. इंडियन मिडलँड रेल्वे कंपनी १८८५ साली स्थापन झाली आणि तिच्या मार्गांचा सांधा म्हणून झाशीची निवड झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत येथे मोठा दुरुस्ती-कारखाना आला. १९०० साली हा सारा कारभार जी. आय. पी. रेल्वेकडे गेला, १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली आणि २००३ साली झाशी उत्तर मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षे या गावाचा हुकूम मुंबईहून येत होता. त्या हुकमाबरोबर माणसे येत, आणि माणसांबरोबर परळ-माटुंग्याच्या कारखान्यांची परिभाषाही येई. गावात ज्याला ‘खराद’ म्हणतात त्याला आप्पांच्या घरी ‘लेथ’च म्हणतात, आणि आप्पांचे वडील त्याला ‘कातकामाचे यंत्र’ म्हणत.

आता बीड म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे १५४० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यात दोन ते चार टक्के कार्बन मिसळला की ते ११५०–१२०० अंशांच्या आसपासच पातळ होते आणि वाळूच्या साच्यातील प्रत्येक कोपऱ्यात शिरते. हेच बीड, म्हणजे ओतीव लोखंड. थंड होताना त्यातील पुष्कळसा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आतल्या आत वेगळा होतो. हे पापुद्रे बिडाचा गुणही आहेत आणि दोषही. यंत्र चालताना उठणारी थरथर ते पोटात घेतात, म्हणून धातू कातताना पृष्ठभाग स्वच्छ निघतो. घासणाऱ्या दोन भागांमध्ये ते थोडेफार वंगणाचेही काम करतात. उलट, बीड ताणले किंवा त्यावर घाव घातला की तडा जातो तो याच पापुद्र्यांच्या वाटेने. दाबाखाली बीड जेवढे सोसते त्याच्या तिसरा-चौथा हिस्साच ताण ते सोसते. अंगावर डोंगर घेईल, पण ओढाताण सहन करणार नाही, असा हा स्वभाव.

आणखी एक गोष्ट. साच्यातून निघालेला जाड-पातळ भागांचा ओतीव ठोकळा सर्वत्र सारख्या वेगाने थंड होत नाही; त्यामुळे त्याच्या अंगात ताण राहून जातो आणि पुढे तो कणाकणाने वाकतो. म्हणून जुने यंत्रकार लेथचा बेड ओतल्यावर तो महिनोन् महिने उघड्यावर ठेवीत. ऊन, पाऊस, थंडी खाऊन त्याची ओढ थोडीबहुत जिरली की मग अखेरचा हात फिरवीत. आता हेच काम भट्टीत तापवून काही तासांत साधतात. सत्तर-ऐंशी वर्षे काम केलेल्या बेडला मात्र वाकावयाचे तेवढे तो केव्हाच वाकून चुकलेला असतो. जुन्या बिडाची जी महती कारागीर सांगतात तिच्यात थोडी भाबडी भक्ती आहे हे खरे. पण तिच्या मुळाशी हे सत्यही आहे.

मग जुना लेथ विकत घेताना पाहावयाचे काय? रंग पाहू नये, मोटर तर मुळीच पाहू नये. रंग एका दिवसात चढतो आणि मोटर बाजारात मिळते. पाहावयाचा तो बेड. आपल्या देवघरातील सहाण वर्षानुवर्षे गंध उगाळून मध्ये खोल होते. लेथच्या बेडचेही तसेच आहे. बहुतेक कामे आखूड असतात, म्हणून हत्यार वाहून नेणारे सॅडल चकजवळच्या हात-दीड हात जागेतच जन्मभर पुढेमागे करते. तेथे बेड झिजतो आणि टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ नवाच राहतो. झिजलेला भाग आणि अस्पर्श भाग यांच्या सीमेवर एक बारीकशी पायरी तयार होते, ती नखाला लागते. आप्पा नख फिरवीत होते ते त्या पायरीसाठी. दुसरी परीक्षा अशी की, सॅडल चकजवळ आणून त्याच्या पट्ट्या हाताला किंचित घट्ट लागेपर्यंत आवळाव्यात आणि मग ते टेलस्टॉककडे सरकवीत न्यावे. वाटेत ते अडकून बसले तर जेवढ्या लवकर अडकले तेवढी झीज अधिक.

त्यानंतर मुख्य आस. चकाखाली लाकडी दांडा घालून तो उचलून पाहावा आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते बघावे. बेअरिंग गनमेटलच्या असतील तर थोडी हालचाल आवळून घालवता येते. दातेरी चाकांचा एकेक दात मोजावा. जड कामासाठी जी चाकांची जोडी असते तिच्यात एखादा दात हमखास गेलेला आढळतो. आटे कापावयाचा लांब स्क्रू चकच्या बाजूस किती पातळ झाला आहे ते पाहावे. आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत काळजीपूर्वक, तडे शोधावेत. पायांच्या कोपऱ्यांत, बोल्टच्या भोकांभोवती, टेलस्टॉकच्या बुडाशी रॉकेल लावावे, पुसून टाकावे आणि वर खडू फासावा. तडा असेल तर खडूवर काळी रेघ उमटते.

लिलावात घेताना ही परीक्षा आधीच उरकली पाहिजे. सरकारी भंगाराचा नियम ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथे’ असा असतो. मी स्वतः असल्या कागदांवर पुष्कळ सह्या केल्या आहेत, म्हणून सांगतो की ते सहा शब्द केवळ शोभेसाठी नसतात. अलीकडे लिलाव संगणकावर होतात आणि घरबसल्या बोली लावता येते. पण छायाचित्रावरून नख फिरवता येत नाही. मालाची पाहणी करण्यास जी मुदत दिलेली असते ती दवडू नये. आणि पाहणीच्या वेळी आजूबाजूच्या पेट्यांतही डोकावावे, कारण लेथची बदलावयाची चाके एका ढिगात आणि लेथ दुसऱ्या ढिगात, असे नेहमी घडते.

आमच्या लेथची तीन चाके हरवलेली होती, त्यांत नेमके १२७ दात्यांचे. हा आकडा विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. जुन्या विलायती लेथचा स्क्रू इंचाच्या हिशेबाने कापलेला असतो. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर; हा अपूर्णांक पूर्ण करावयाचा तर त्याला पाचाने गुणावे लागते, आणि येतात १२७. म्हणून १२७ दात्यांचे चाक घातल्यावाचून इंची लेथवर मेट्रिक आटे अचूक कापता येत नाहीत. आपल्याकडे वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि मेट्रिक मापे पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या बहुतेक यंत्रांना हे चाक लागते, आणि ज्यांना ते मिळाले त्यांनी ते जपून ठेवलेले असते.

सौदा झाला. भाव किलोचाच ठरला, परंतु न फोडता द्यावयाचा म्हणून व्यापाऱ्याने थोडे वर घेतले. ते मला गैर वाटले नाही.

पुढची चूक माझी. आठशे किलोंच्या आसपासचे हे धूड टेम्पोत चढवावयाचे होते. आप्पांचे म्हणणे, सुटे करून न्या. टेलस्टॉक, सॅडल, मोटर, सारे उतरवा आणि बेड वेगळा न्या. मला सुटीचा एकच दिवस होता. हमालांनी दोरखंड बांधला, तो मी मान डोलवून मान्य केला, आणि वजनाचा सारा झोक हेडस्टॉककडे असतो हे कोणी ध्यानात घेतले नाही. लेथ उचलताच फिरला आणि त्याचा टेलस्टॉककडचा पाय टेम्पोच्या कडेवर आपटला. आवाज मोठा झाला नाही. मडके फुटावे तसा एक कोरडा आवाज. पाय मधोमध तडकला होता. आप्पा काहीच बोलले नाहीत, त्यामुळे मला अधिक वाईट वाटले.

तडकलेले बीड जोडण्याच्या तीन रीती आहेत. निकेलची कांडी वापरून विजेने जोडणे ही एक. पण जोडाशेजारचे बीड एकदम तापून एकदम निवले की ते काचेसारखे कठीण होते आणि नवा तडा पडतो. दुसरी, तड्याच्या ओळीने भोके पाडून त्यांत कुलपासारखे तुकडे ठोकून थंड स्थितीतच शिवण घालणे. मोठ्या इंजिनांच्या अंगासाठी ती उत्तम. तिसरी, पितळेची झाळ. पितळी कांडी सुमारे ९०० अंशांवर वितळते, म्हणजे बीड स्वतः वितळत नाही. ताण कमी पडतो. पाय ही ताण न येणारी, केवळ भार वाहणारी जागा असल्यामुळे आम्ही झाळ पत्करली. तड्याच्या कडा तिरप्या घासल्या, वर्षानुवर्षांचे मुरलेले तेल जाळून काढले, सारा पाय कोळशाच्या शेगडीवर सावकाश तापवला, झाळला आणि लगेच राखेच्या ढिगात पुरला. दुसऱ्या दिवशी दुपारी उकरला. घाईने उघडला असता तर पुन्हा तोच कोरडा आवाज ऐकावा लागला असता. आज त्या पायावर पिवळी रेघ दिसते. तिच्यावर रंग लावावयाचा नाही असे आप्पांनी बजावले आहे.

साफसफाईविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती कष्टाची असली तरी अवघड नाही. रॉकेल, जुने दात घासावयाचे ब्रश, लाकडी काड्या आणि पुष्कळशा चिंध्या लागतात. लहान गंजलेले भाग प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावेत. बॅटरी भारित करावयाच्या यंत्राची ऋण तार त्या भागाला आणि धन तार लोखंडी पत्र्याच्या तुकड्याला जोडावी. रात्रभरात गंज सुटून येतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा घेऊ नये, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. आणि हे काम उघड्यावर करावे, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव फार. तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला करून खरवडावा आणि मुलांना दूर ठेवावे. बेडवर पॉलिश-कागद घासण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याची वाळू बिडात रुतते आणि मग सॅडलच्या प्रत्येक फेरीबरोबर तीच बेडला खाते. चकाकी येते, अचूकपणा जातो.

रंगाच्या चार थरांखाली, बेडच्या पुढच्या अंगावर, उठावाची अक्षरे निघाली. यंत्रकाराचे नाव छिन्नीने उडवलेले होते. राहिले होते एकच नाव, ‘हॅलिफॅक्स’. यॉर्कशायरमधील हे गाव एके काळी लेथसाठी सर्वश्रुत होते. तेथून झाशीपर्यंत तो कोणाकोणाच्या हातांतून आला असेल, ते त्या पितळी पाटीवरील क्रमांकावरून कदाचित कळले असते.

खरे काम यानंतरचे: बेड पुन्हा सपाट करणे. मोठ्या कारखान्यांत बेड घासून काढणारी यंत्रे असतात, आणि झीज फार असेल तर तेथेच पाठवावा. झीज थोडी असेल तर हाताने स्क्रेपिंग करावयाचे. तत्त्व सोपे आहे. एका प्रमाण सपाट पट्टीला रंगाचा अगदी पातळ हात द्यावयाचा, ती बेडवर हळूच फिरवावयाची. जेथे बेड उंच तेथे रंग लागतो. तेवढाच ठिपका धारदार पट्टीने खरवडावयाचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणे. दर खेपेस ठिपके वाढतात आणि बारीक होतात. एका चौरस इंचात दहा-पंधरा ठिपके सारखे पसरले की सामान्य कामाला बेड सिद्ध झाला. अधिक नाजूक कामाला वीस-पंचवीस लागतात. आता यासाठी निळा रंग मिळतो. आप्पांच्या उमेदवारीत तेलात कालवलेला शेंदूर असे. मारुतीला लावतो तोच, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. त्यामुळे जेवणापूर्वी हात राखेने घासण्याची शिस्त होती, आणि ती धर्माची नसून मिस्त्रीची होती.

पण ती प्रमाण पट्टी सपाट आहे हे कोणी ठरवले? या प्रश्नाचे उत्तर जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगो येथे वाचलेल्या निबंधात दिले आहे. लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात तो हे काम शिकला होता. दोन पाटे एकमेकांवर घासून जुळवले तर एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असूनही ते तंतोतंत जुळतात आणि आपली फसवणूक होते. तीन पाटे घेतले आणि प्रत्येक प्रत्येकाशी जुळवला, तर तिन्ही सपाट असल्याखेरीज ते जुळूच शकत नाहीत. कोणतेही आधीचे प्रमाण न घेता, केवळ तीन दगडासारख्या ओबडधोबड वस्तूंतून सपाटपणा निर्माण करावयाचा! मला या युक्तीत काव्यापेक्षा कमी काही दिसत नाही, आणि साहित्याच्या वर्गात ती मला कोणी सांगितली नाही याची खंत वाटते.

आमच्याकडे पाट्या-वरवंट्याला टाकी लावीत. फार गुळगुळीत झालेला पाटा वाटण धरीत नाही, म्हणून त्यावर बारीक खड्डे पाडावयाचे. स्क्रेपिंगचाही हा एक उपयोग आहे. ठिपक्यांमधील सूक्ष्म खळगे तेल धरून ठेवतात, आणि सॅडल तेलावर तरंगत जाते.

आप्पांना ही विद्या येते, पण अंगातले बळ गेले. खरवडणीची पट्टी कमरेने रेटावी लागते. हाताने तासभरही निभत नाही. शेजारच्या गल्लीतील एक आय. टी. आय. झालेला मुलगा रोज संध्याकाळी येऊ लागला. आप्पा खुर्चीवर बसून ठिपका दाखवीत, तो खरवडी. पहिल्या आठवड्यात त्याने एकाच जागी इतके खरवडले की तेथे खळगा झाला आणि उरलेला सारा बेड त्या खळग्याच्या पातळीला आणावा लागला. तीन आठवडे गेले. आप्पा रागावले नाहीत. “प्रत्येकाचा पहिला खळगा असतो,” म्हणाले. माझ्या मनात मात्र रोज एकच हिशेब चाले, की बेड आधी पुरा होतो की आप्पांची दृष्टी आधी जाते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि शस्त्रक्रिया ते बेडसाठी लांबणीवर टाकीत होते. अखेर त्यांच्या सूनबाईंनी आम्हा दोघांना स्पष्ट शब्दांत सुनावले, आणि लेथ पंधरा दिवस बंद राहिला. डोळा बरा झाल्यावर आप्पांनी आधीचे ठिपके पुन्हा तपासले आणि त्यांतील निम्मे नापसंत केले.

यंत्र बसवताना पाणसळीने बेडची दोन्ही टोके एका पातळीत आणावी लागतात. एक पाय कागदाच्या जाडीने उंच असला तरी बेड पिळतो. झाशीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. दोन मीटर लांबीचे बीड दहा अंशांनी तापले की सुमारे ०.२ मिलिमीटर वाढते. सारे सारखे वाढले तर काही बिघडत नाही, परंतु खिडकीतून एकाच अंगावर ऊन पडले तर बेड धनुष्यासारखा वाकतो. म्हणून लेथ खिडकीपासून दूर ठेवला, आणि बारीक काम सकाळीच करावयाचे ठरले. पहिल्या पावसात दमट हवा गार बिडावर दव धरते. त्या दिवसांत बेडवर तेलाचा हात हवा. वर गोणपाट टाकू नये, ते ओल धरून ठेवते.

जुने ते सारे वाचवावे, असे माझे म्हणणे नाही. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आयात बंद पडली तेव्हा शाहू महाराजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळून नांगर झाले. त्या तोफांसाठी कोणी हळहळू नये. ज्या लेथचा बेड मधोमध तुटला आहे, किंवा ज्याची झीज खर्चाने भरून निघणारी नाही, त्याला भट्टीतच जाऊ द्यावे; त्याची चाके, चक, टेलस्टॉक तेवढी काढून घ्यावीत, दुसऱ्याच्या उपयोगी पडतात. लहान कारखानदाराने तर आधी कागदावर हिशेब मांडावा. रोज एकसारखे शेकडो भाग काढावयाचे असतील तर नवे यंत्र घेणेच शहाणपणाचे. दुरुस्ती, एकेक भाग, शिकणारा मुलगा, यांसाठी जुना लेथ.

आमचा लेथ गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झाला. चकात धरलेली सळई शंभर मिलिमीटर लांबीवर कातून पाहिली. दोन टोकांत दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला. आप्पांनी तो आकडा तारखेसह एका पुठ्ठ्यावर लिहून हेडस्टॉकच्या झाकणाच्या आत चिकटवला आहे. १२७ दात्यांचे चाक मात्र अजून मिळालेले नाही. ते मिळेपर्यंत मेट्रिक आटे अचूक निघावयाचे नाहीत, म्हणून तो मुलगा सध्या व्हिटवर्थचे ५५ अंशांचे इंची आटे कापावयास शिकतो आहे, आणि मी दर रविवारी वखारीतल्या पेट्या उपसतो.